पांढरा बैल आणि काळी जमीन

छायाचित्र बिघडले म्हणजे कॅमेऱ्यास दोष द्यावा आणि साधले म्हणजे श्रेय आपण घ्यावे, हा या कलेतील सर्वमान्य शिरस्ता आहे. आणि तो आम्हीही आजवर निष्ठेने पाळीत आलो आहो. वाशीम जिल्ह्यात राहून चाळीस-पंचेचाळीस वर्षे कुस्त्यांचे फड, कबड्डीचे सामने, शाळांच्या शर्यती आणि शंकरपट यांची छायाचित्रे काढण्याचा नाद आम्ही केला. त्यांत चांगली किती निघाली याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. बिघडली किती, हे मात्र घरच्या मंडळींस तोंडपाठ आहे. अशा माणसाने छायाचित्रणावर लिहावे हे कोणास धारिष्ट वाटेल. परंतु वैद्याने रोगाविषयी लिहिणे निराळे आणि रोग्याने लिहिणे निराळे. आम्ही जे लिहितो ते रोग्याच्या खाटेवरून, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

निमित्त असे घडले. इ.स. २०२२ च्या माघ महिन्यात एके सकाळी एक बाई आमच्या दारी आल्या. त्यांचे यजमान आमच्या परिचयाचे होते, म्हणून आम्ही त्यांस वहिनी म्हणतो. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. आणि त्यानंतर, दैवाचा खेळ असा की, हाताशी आलेला थोरला मुलगाही गेला. तो आमच्या पंचक्रोशीतला नावाजलेला धुरकरी होता. शंकरपट ज्यांनी पाहिला नाही अशा वाचकांसाठी सांगावयाचे ते इतकेच की, दोन बैलांची जोडी हलक्या छकड्यास जुंपतात, सरळ वाटेवर सोडतात आणि ती वाट तिने किती सेकंदांत कापली यावर निकाल लागतो; आणि छकड्यावर कासरा धरून जो बसतो, किंवा खरे म्हणजे जो बसल्याचा केवळ भास होतो, त्यास विदर्भात धुरकरी म्हणतात. वहिनींनी पदराखालून एक कागद काढला. तो आम्हीच २०१४ च्या जानेवारीत रिसोड तालुक्यात, पैनगंगेच्या अंगास असलेल्या एका गावच्या पटात काढलेल्या छायाचित्राची पोस्टकार्डाएवढी प्रत होता.

"भाऊ, पटातला हा एकच फोटू हाय त्याचा. मोठा करून द्या. तोंड तेवढं दिसू द्या."

लग्नातले छायाचित्र आहे, त्यात चेहरा स्वच्छ आहे, ते मोठे करू का, असे आम्ही सुचवून पाहिले. त्यावर त्या म्हणाल्या, "त्यात तो पाव्हण्यावानी दिसते."

आम्ही तो कागद हाती घेतला आणि आठ वर्षांनी आमची चूक आम्हांस पुन्हा समोरासमोर भेटली. दोन बैल भरधाव अंगावर येत आहेत, खुरांखालून माती उडते आहे, मागे छकड्यावर धुरकरी पुढे झुकून ओरडतो आहे. क्षण अगदी नेमका सापडलेला. परंतु बैल म्हणजे दोन कोऱ्या कागदाच्या आकृत्या. त्यांस डोळे आणि शिंगे आहेत, पण अंग म्हणून काही नाही. फेटा म्हणजे नारिंगी रंगाचा एक सपाट ठसा. आणि चेहऱ्याच्या जागी कपाळापासून गालापर्यंत पिवळट पांढरा उजेड. त्याखाली सावलीत बुडालेली हनुवटी. चित्राची माती तेवढी उत्तम उठली होती. ढेकळ अन् ढेकळ मोजून घ्यावे!

असे का झाले हे सांगण्यासाठी आमच्या प्रांताची जमीन आणि आमच्या प्रांताचे बैल या दोहोंची ओळख करून द्यावी लागेल. वऱ्हाडची काळी माती ही अग्निजन्य काळ्या खडकाची लेक. तिच्यावर पडलेला उजेड ती फारसा परत करीत नाही. उलट गवळाऊ जातीचा बैल, जो विदर्भाचे भूषण होय, तो पांढरा. नर असेल तर मान, वशिंड आणि पुठ्ठे यांवर करडी झाक. पटासाठी जोड्या निवडतात त्यांत असल्या पांढऱ्या चपळ बैलांचा भरणा अधिक. म्हणजे पांढरी वस्तू काळ्या पाटीवर धावते आहे, वर माघाचे निरभ्र ऊन आहे, आणि हे सर्व एका यंत्राने सेकंदाच्या हजाराव्या हिश्शात नोंदून घ्यावयाचे आहे.

आता कॅमेऱ्यातील प्रकाशमापक कसा विचार करतो ते पाहावे. त्यास बैल कळत नाही, माती कळत नाही, धुरकरी तर मुळीच कळत नाही. समोरचे सारे दृश्य मिळून मधल्या राखाडी रंगाचे असते, पडलेल्या उजेडापैकी शेकडा १८ भाग ते परत करते, अशी त्याची ठाम समजूत करून दिलेली असते. चौकटीचा बहुतेक भाग काळ्या जमिनीने व्यापला म्हणजे हा गृहस्थ म्हणतो, "अरे, येथे अंधार आहे!" आणि औदार्याने दुप्पट उजेड आत घेतो. काळी जमीन राखाडी होते आणि जो आधीच पांढरा होता तो बैल जळून जातो. दोष त्याचा नाही. ज्याने त्याच्यावर विसंबावे त्याचा आहे. आणि त्या दिवशी आमच्याकडून आणखी एक प्रमाद घडला. सकाळी नदीकाठी दाट धुके होते. धुके मापकास फार उजळ वाटते आणि तो चित्र काळवंडवितो. म्हणून आम्ही शहाणपणाने एक पायरी अधिक उजेड घेण्याची कळ फिरवून ठेवली. (पायरी म्हणजे दुप्पट, दोन पायऱ्या म्हणजे चौपट.) धुके विरले, ऊन तापले, जोड्या सुटू लागल्या, कळ मात्र तेथेच राहिली. मापकाची एक पायरी आणि आमची एक पायरी. चौपट उजेडात त्या मुलाचे तोंड आम्ही जाळून टाकले.

यावरचा उपाय जुनाच आहे आणि तो फुकट आहे. स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र एफ-१६ वर ठेवावे आणि फिल्मचा जितका वेग तितक्या अंशाने झडप उघडावी, हा नियम मापक नव्हते त्या काळापासून छायाचित्रकारांच्या तोंडी आहे. वेग १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा हिस्सा. धावत्या बैलास तो पुरत नाही, म्हणून छिद्र एफ-४ पर्यंत मोठे करावे आणि झडप सेकंदाच्या सोळाशेव्या हिश्शावर न्यावी. बैल पांढरा आहे म्हणून त्यातून आणखी एक पायरी कमी करून छिद्र एफ-५.६ वर आणावे. एकदा हे हाताने बांधून टाकले म्हणजे जमीन काळी असो की गवत हिरवे असो, ऊन जोवर तेच आहे तोवर बैल बैलासारखा उठेल. हे आम्हांस २०१४ सालीही ठाऊक होते. ठाऊक असणे आणि वेळेवर आठवणे यांत जे अंतर आहे, त्याविषयी एखादा स्वतंत्र निबंध लिहिता येईल. तो आम्ही टाळतो.

आमच्या लहानपणी चूक इतकी महाग पडत नसे. आमचा पहिला कॅमेरा आग्फा क्लिक-३. एका रिळावर बारा चित्रे, आणि ढग की ऊन एवढेच विचारणारा. पुढे हाती बरा कॅमेरा आला तेव्हा त्यात उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म घालीत असू. या सरकारी कारखान्याची स्थापना १९६० ची. त्या फिल्मवर उजेड जास्त पडला तर निगेटिव्ह काळेकुट्ट होई. परंतु त्या काळोखात चित्र असे. गावातील स्टुडिओवाल्या काकांनी आम्हांस त्यावरचे औषध शिकविले होते: तांबडे फेरिसायनाइड आणि हायपो यांचे पिवळे पाणी. हॉवर्ड फार्मर नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८८३ साली ते योजिले, म्हणून त्यास फार्मरचे द्रावण म्हणतात. पांढऱ्या तसराळ्यात ते निगेटिव्ह हलवीत राहावे. जादा चांदी हळूहळू धुऊन जाते आणि काळ्या ढगातून सूर्य निघावा तसा बैलाचा पाठकणा वर येतो. काका घड्याळाकडे पाहत नसत, पाण्याकडे पाहत. दहा सेकंद अधिक झाले की सावलीतला नाजूक तपशीलही त्याच पाण्याबरोबर मोरीत जाई, आणि मग काका जे शब्द उच्चारीत ते या मासिकात छापण्याजोगे नाहीत. तो वास आजही कोठे आला की आम्हांस बाराव्या वर्षाचे व्हावयास वेळ लागत नाही.

तात्पर्य, फिल्म अति झाले तरी एकदम दार लावीत नसे. हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९० साली उजेड आणि काळेपणा यांचे नाते आलेख काढून दाखविले. त्या रेषेचा वरचा शेवट खांद्यासारखा हळूहळू वाकतो. म्हणजे उजेड वाढतच गेला तरी फिल्म थोडे थोडे का होईना नोंदीत राहते. हल्लीच्या कॅमेऱ्यातील पडद्यास असला खांदा नाही. त्याची रीत आमच्या खळ्यावरच्या मापासारखी आहे. लक्षावधी पायल्या ओळीने मांडल्या आहेत आणि त्यांवर उजेडाची ज्वारी ओतली जात आहे असे समजावे. झडप मिटली की कोणत्या पायलीत किती पडली ते मोजावयाचे. पायली शिगोशीग भरली की पुढचे सारे बाहेर सांडते. आणि सांडलेले किती, हे पायलीस विचारून उपयोग नाही. दुप्पट ओतले होते की दसपट, दोन्ही पायल्या सारख्याच भरलेल्या. करड्या वशिंडाची पायली भरली, पांढऱ्या पाठीचीही भरली. मग करडे कोणते आणि पांढरे कोणते? दोन्ही पांढरे.

आमच्या काकांचे पिवळे पाणी येथे चालत नाही, कारण धुऊन काढावयास खाली काही नाही. थोडी आशा असते ती कॅमेऱ्याने स्वतः शिजविण्याआधीच्या कच्च्या नोंदीत, जिला या धंद्यात रॉ म्हणतात. तीत प्रत्येक पायलीचे माप ४०९६ किंवा १६३८४ पायऱ्यांत लिहिलेले असते. आणि कॅमेरा जी तयार जेपेग प्रत हाती देतो तीत तेच २५६ पायऱ्यांत कोंबलेले असते. कच्ची नोंद असती तर वरचा पाऊण-एक पायरीचा उजेड परत मिळविता आला असता. पण त्या दिवशी आमच्याजवळ आठ जीबीचे एकच कार्ड होते. कच्ची चित्रे त्यावर तीनएकशे मावली असती. जोड्या पुष्कळ होत्या. म्हणून आम्ही काटकसर केली आणि जेपेगच ठेविल्या. काटकसर हा सद्गुण आहे असे शाळेत शिकविणाऱ्या गुरुजींची त्या वेळी आम्हांस फार आठवण झाली.

येथे कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? पुन्हा पट भरेल, पुन्हा चित्र काढावे. वाचकहो, तेच तर नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी असल्या शर्यती बंद केल्या. निकालामागे कारणे होती, आणि ती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. शेपट्या पिरगाळणे आणि टोचण्या लावणे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे, आणि लाजिरवाण्या गोष्टींची छायाचित्रे आम्हीही काढली नाहीत, यात सारे आले. मग २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रास अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्यांचे कायदे मान्य केले. पण मधली सात-आठ वर्षे पट नव्हता, आणि त्या वर्षांतच तो मुलगा गेला. २०१४ च्या जानेवारीतला तो पट त्याचा शेवटचा. हे त्या दिवशी त्यास ठाऊक नव्हते, आम्हांसही नव्हते.

वहिनी गेल्यावर आम्ही ते चित्र घेऊन तालुक्याच्या गावी एका हुशार मुलाकडे गेलो. त्याचे दुकान छोटे पण यंत्रे मोठी. त्याने चित्र पडद्यावर घेतले आणि चहा येण्याच्या आत म्हणाला, "काका, सोपं आहे. लग्नातला फोटो द्या. तोंड त्यातून घेऊ, ओरडतानाचं तोंड यंत्र तयार करून देईल, ऊन लावू. बैलांना नवी कातडी घालू. कोणाला कळणार नाही." त्याने खरोखरच नमुना म्हणून एका बैलास कातडी घालून दाखविली. सुरेख होती, केस अन् केस दिसत होता. फक्त ती त्या बैलाची नव्हती. ती जगातल्या कोणत्याच बैलाची नव्हती.

या मुलास आम्ही हसलो नाही; कारण ही युक्ती धावत्या जनावराच्या छायाचित्राइतकीच जुनी आहे. कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज याने १८७७ साली लेलँड स्टॅनफर्ड यांच्या ऑक्सिडेंट नावाच्या घोड्याचे भरधाव दौडीतले छायाचित्र म्हणून जे प्रसिद्ध केले, ते मुळात रंगवून काढलेल्या चित्राचे छायाचित्र होते. आणि त्यातील हाक्याचा चेहरा तेवढा खऱ्या छायाचित्रातून कापून चिकटविलेला होता. पुढल्याच वर्षी जूनमध्ये त्याने ओळीने कॅमेरे मांडून, मागे पांढरा पडदा लावून, खरोखरीची धाव पकडली. तीत घोडा आहे, पाय चारही अधांतरी आहेत, पण तो बहुतेक काळ्या सावलीसारखा उठलेला आहे. अंगावरील लव नाही, हाक्याच्या तोंडावर भाव नाही. पहिले चित्र सुंदर आणि लबाड, दुसरे ओबडधोबड आणि खरे. आणि जगाने डोक्यावर घेतले ते दुसरे.

रंगवावयाचेच असेल तर त्यास आमची ना नाही; परंतु मग चित्रकार म्हणून रंगवावे. आमचे वाशीम म्हणजे पूर्वीचे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. तेथल्याच पहिल्या लेण्यात झुंजणाऱ्या दोन बैलांचे चित्र आहे. ते काढणाऱ्याने बैलास किती पांढरे ठेवावे आणि कोठे छाया द्यावी हे स्वतः ठरविले, आणि हा अमका बैल अमक्या दिवशी असा झुंजला, असा दावा त्याने केला नाही. छायाचित्राचा सारा दावाच तो आहे. वहिनींस मुलाचे सुंदर तोंड नको होते. त्या दिवशीचे तोंड हवे होते.

तेव्हा आम्ही आमच्या जुन्या संगणकापुढे बसलो. मूळ जेपेग सापडली, हे एक भाग्य. त्यात जळालेली जागा निरखून पाहता एक गोष्ट ध्यानात आली. कॅमेऱ्याचा पडदा तीन मापे ठेवितो: तांबडे, हिरवे आणि निळे. माणसाच्या कातडीवरून परत येणाऱ्या उजेडात तांबड्याचा भाग सर्वांत मोठा, म्हणून उन्हातल्या चेहऱ्यात तांबडी पायली आधी भरते. ती भरली की चेहरा पिवळट होऊन नाहीसा झाला असे वाटते. पण हिरव्या आणि निळ्या पायल्यांत अजून जागा उरलेली असते. भगव्या फेट्याचेही तसेच. गुलालाचेही तसेच, म्हणून जिंकलेल्या बैलाच्या कपाळावरचा गुलाल छायाचित्रात नेहमी गिलाव्यासारखा सपाट उठतो. आम्ही तांबडे माप काढून टाकले, निळ्यात रवा फार म्हणून तेही बाजूस ठेविले, आणि एकट्या हिरव्यावर चित्र काळे-पांढरे केले. फेट्याचे पीळ एकामागून एक वर आले. मग कपाळावरची आठी आली. मग भुवई. घामाने जेथे चकाकी मारली होती तेवढी गालफडाची एक टिकली मात्र कोरीच राहिली.

सावलीतल्या हनुवटीचे संकट याच्या उलट होते. तेथे पायली भरली नव्हती. तेथे मूठभरच दाणे पडले होते. आणि उजेडाचे दाणे काही हिशेबाने पडत नाहीत. जेथे सरासरी दहा हजार पडावयाचे तेथे शंभर इकडे-तिकडे होतात, म्हणजे शेकडा एक; ते डोळ्यास दिसत नाही. जेथे शंभरच पडावयाचे तेथे दहा इकडे-तिकडे होतात, म्हणजे शेकडा दहा. हाच चित्रातला रवाळपणा. अंधाऱ्या जागेस ओढून उजळ करावे तर हा रवाही तितकाच मोठा होतो. पुष्कळांस वाटते की कॅमेऱ्याचा वेग वाढविल्याने रवा येतो, म्हणून संध्याकाळी सूर्य झाडांमागे गेला तरी ते वेग कमीच ठेवितात आणि मागाहून अंधारे चित्र उजळीत बसतात. रवा येतो तो उजेड कमी पडल्याने. संध्याकाळच्या कुस्तीत वेग ३२०० किंवा ६४०० ठेवून चित्र तिथल्या तिथे पुरते उजळ घ्यावे. मागाहून ओढलेल्यापेक्षा ते स्वच्छच निघते. जेपेगमध्ये तर आणखी एक व्याधी असते. ती चित्राचे आठ बाय आठचे चौकोन पाडून साठविते, आणि सावली उजळताच ते चौकोन जुन्या गोधडीच्या ठिगळांसारखे वर येतात.

रवा पुसण्याची यंत्रे हल्ली फार पुढे गेली आहेत. आम्ही एक लावून पाहिले. हनुवटी गुळगुळीत झाली, मेणाच्या बाहुलीसारखी; पण खरी गंमत खाली झाली. यंत्राने खुरांपाशी उडालेली धूळही रवाच समजून पुसून टाकली! बैल भरधाव धावताहेत आणि जमीन सारवलेल्या ओट्यासारखी निवांत. धुळीवाचून पट म्हणजे नांगरटीला निघालेली जोडी. आम्ही ते सर्व परत फिरविले. चौकोन मोडतील इतकाच हलका हात चेहऱ्यावर फिरविला आणि बाकीचा रवा राहू दिला. हनुवटीवर तो दाढीच्या खुंटासारखा दिसत होता. त्यातले दाढीचे किती आणि कॅमेऱ्याचे किती हे आम्ही सांगू शकणार नाही.

बैलांस मात्र आम्ही काही करू शकलो नाही. पांढरे म्हणजे तिन्ही मापांत सारखेच. तांबडी भरली तेव्हाच हिरवी भरली, तेव्हाच निळी भरली. सांडले ते तिन्हींतून सांडले. पाठ, वशिंड, मान सारे कोरे. छापताना त्या कोऱ्या जागेस कागदाचा अगदीच नग्न पांढरा दिसू नये म्हणून आम्ही तिला किंचित राखेची छटा दिली. ती लबाडी म्हणावयाची तर म्हणावी.

आठवड्यानंतर चित्र दीड हात रुंद छापून, काचेत बसवून, आम्ही स्वतः वहिनींच्या घरी नेले. त्यांनी ते ओट्यावर उजेडात धरले. फेट्याकडे पाहिले, तोंडाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. तोंड उघडे आहे, कपाळास आठी आहे, अर्धा गाल रवाळ आहे. देखणे म्हणावे असे त्यात काही नाही. मग त्यांनी बोट ठेवले ते चेहऱ्यावर नव्हे, कासरा धरलेल्या मुठीवर.

"असाच धरे तो. करंगळी बाहेर."

ती करंगळी आम्ही आठ वर्षांत आणि त्या सबंध आठवड्यात एकदाही पाहिली नव्हती.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "पण भाऊ, हा डाव्या अंगाचा असा कोरा काहून दिसते? याच्या वशिंडाले करडा डाग होता. वासरू होता तवापासून."

पायलीची उपमा, तीन मापे, धुक्याची कळ, हे सर्व आमच्या जिभेवर आले होते. आम्ही म्हणालो, "वहिनी, चूक माझी झाली. ऊन जास्त घेतलं." त्यांनी मान हलविली. ऊन जास्त होणे ही गोष्ट आमच्या भागात कोणास समजावून सांगावी लागत नाही.

पुढे आषाढात एकदा त्यांच्याकडे जाण्याचा योग आला. चित्र देव्हाऱ्याच्या शेजारच्या भिंतीवर होते. त्यावर डाव्या बैलाच्या वशिंडापाशी काळपट काही लागलेले दिसले. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली असेल, असे आम्हांस वाटले. जवळ जाऊन पाहिले तर काचेवर काजळाचे बोट फिरवून ते कडेकडेने पुसत नेलेले होते, मध्ये गडद, बाहेर फिकट. आम्ही पाहतो आहो हे वहिनींनी पाहिले.

"धुतली काच का जाते," त्या म्हणाल्या. "मंग पुन्हा लावतो."

चहा आला तो आम्ही घेतला.